तीन खुणांचा प्लग

रस्त्याच्या कडेला हँडलला दुपट्टा बांधलेली मोटारसायकल उभी दिसली की एक जुनी घटना मला आजही आठवते, आणि मी गाडी थांबवतो. घरातली माणसं कुरकुरतात. आता कोणी असं थांबत नाही, म्हणतात. मी ऐकून घेतो आणि तरी थांबतो. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. नावं कोणाचीच देणार नाही. ज्यांना अभिमान वाटावा त्यांना नावाची गरज नाही, आणि ज्याला शरम वाटावी त्याने शिक्षा भोगली आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरहून काटोल-नरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्येच कपाशी. एसटी दिवसातून मोजक्याच. ज्याला काम असे तो मोटारसायकल घेई: पंप दुरुस्त करणारा, बी-बियाणं विकणारा, खेड्यावर नोकरी करणारा शिक्षक. गाड्या जुन्या, रस्ता उखडलेला, आणि गॅरेज एक तर नागपुरात, नाही तर थेट काटोलात. मध्ये गाडी बंद पडली तर देवही येत नसे. यायचा तो मागून येणारा दुसरा मोटारसायकलवाला.

या लोकांची एक पद्धत होती. गाडी बंद पडली की माणूस गळ्यातला दुपट्टा काढून हँडलला बांधायचा. तो पाहून मागचा थांबायचा. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. तो एकच प्रश्न विचारायचा, "प्लग का पेट्रोल?" कारण दहातल्या नऊ गाड्या या दोन गोष्टींपायीच बंद पडत. ही पद्धत कोणी ठरवली, कोणाला माहीत नव्हतं. ती मोडल्याचंही कोणी ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. दरवर्षीप्रमाणे आमच्या ठाण्यातली निम्मी माणसं मोर्च्यांच्या बंदोबस्ताला शहरात गेली. मीही गेलो होतो. परत आलो तर कोठडीत एक प्राथमिक शिक्षक बसलेला.

वय पंचविशीच्या आत. पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांवर वाळलेलं रक्त. जमादारांनी मला प्रकरण सांगितलं. नागपूरच्या इतवारीतल्या एका सराफाचा माणूस लग्नाचे दागिने घेऊन मोटारसायकलने काटोलकडे निघाला होता. वाटेत त्याची गाडी बंद पडली. नंतर तो बांधाखाली डोकं फुटलेल्या अवस्थेत सापडला. दागिन्यांची पेटी गायब. या शिक्षकाने एक मालट्रक अडवून त्याला त्यात घातलं आणि स्वतः मागोमाग मोटारसायकलने नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलपर्यंत गेला. जखमी बेशुद्ध होता. ट्रकवाला परप्रांतातला, तो माणूस उतरवून निघून गेला. आणि मेडिकलच्या दारात आमच्या ठाणेदारांनी शिक्षकाला अटक केली.

"कशावरून?" मी विचारलं.

"साक्षीदार आहे ना जी," जमादार म्हणाले. "संत्र्याचे ठेकेदार. ते सोता ठाण्यात आले. म्हणे, मी गाडीनं चाललो होतो, तं हे दोघं रोडवर भांडून राहिले होते."

ठेकेदार म्हणजे बागेतली सगळी फळं झाडावरच विकत घेणारा व्यापारी. हे ठेकेदार वजनदार होते. आमच्या ठाण्यात त्यांना खुर्ची मिळायची, आणि सीझनमध्ये त्यांच्याकडून संत्र्याची पेटी यायची. ज्या घरी लग्न होतं, तिथली बागही त्यांनीच घेतली होती. त्यांचा जबाब मी वाचला. 'मी न थांबता पुढे गेलो,' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली वळणदार सही.

ठाणेदारांच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, "सर, शिक्षकाकडे दागिने सापडले नाहीत. हत्यार नाही. ज्याला लुटायचं त्याला कोणी दवाखान्यात पोचवतं का?"

"शहाणपणा असतो तो," ठाणेदार म्हणाले. "दागिने साथीदाराकडे दिले असतील. आणि पोरगा कुठल्या वस्तीतला आहे ते पाहा ना जरा."

मी पाहिलं होतं. उत्तर नागपूरची वस्ती. त्याच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात त्याच्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. मी छापखान्यातल्या कामगाराचा मुलगा. आमच्या घरात भाकरीपेक्षा हँडबिलं जास्त होती, आणि त्या हँडबिलांवर मी अक्षरं शिकलो. माझ्या तोंडून उत्तर निघालंच.

"सर, पत्ता हा पुरावा नसतो. कोणत्याच कायद्यात नसतो."

ठाणेदार फाइल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घ्या मग तुम्हीच तपास. कोठडीची मुदत संपायच्या आत काही सापडलं तर ठीक. नाही तर दोषारोपपत्रावर सही तुमची."

बाहेर व्हरांड्यात शिक्षकाची आई बसली होती. पांढरं लुगडं, मांडीवर जेवणाचा डबा. मला पाहून ती उठली, पण वाकली नाही.

"साहेब, मी हात जोडाले नाही आली. आमच्या घरी हात नाही जोडत, प्रश्न विचारतो."

"विचारा."

"माह्या पोरानं मरता मानूस उचलला, हा त्याचा गुन्हा हाय का?"

उत्तर द्यायचं तर पुरावा हातात हवा. डबा तपासून आत पाठवला आणि शिक्षकासमोर जाऊन बसलो.

"गुरुजी, पहिल्यापासून सांगा."

"सगळ्याइले सांगतलं, साहेब."

"मला नाही सांगितलं."

तो सरळ बसला. "शाळेत चाललो होतो. वळणावर दुपट्टा दिसला, म्हनून थांबलो. गाडी होती, मानूस नव्हता. मले वाटलं, पानी प्याले विहिरीवर गेला असन. मी आवाज दिला, 'प्लग का पेट्रोल?' कोनी बोललं नाही. मंग बांधाखाली पाह्यलं, तं हा पडून होता. श्वास चालू होता."

"तुम्ही आलात तेव्हा कोणी दुसरं तिथे?"

"कोनीच नाही."

"त्याच्या गाडीला हात लावला?"

"मानूस मरून राहिला अन् मी गाडी पाहू का जी? गाडीले बोटही नाही लावलं."

मी उठलो. गजांपर्यंत आलो तेव्हा तो मागून म्हणाला, "साहेब, एक सांगून द्या. शाळेतून नोटीस निघाली म्हनतात, नोकरी जाईन ते जाईन. पन पुढल्या वेळी दुपट्टा दिसला तं थांबू का नको? पोरं विचारतीन मले. काय सांगू?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. पण मला वाटलं, कोठडीत फक्त हा मुलगा बसलेला नाही. त्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबणारा माणूस आत बसला आहे. हा आत राहिला, तर उद्या कोणीही बंद गाडीकडे वळून पाहणार नाही. आणि तसं झालं तर चूक त्यांची नसेल, आमची असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्देमाल पाहायला आवारात गेलो. सराफाच्या माणसाची मोटारसायकल लिंबाच्या झाडाखाली उभी होती. हँडलला दुपट्टा तसाच. बंद गाडी म्हणून ती बैलगाडीत घालून घटनास्थळावरून आणली होती, आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी दोन पंच बोलावले आणि जमादारांना म्हणालो, "एक किक मारून पाहा."

"बंद हाय ना जी ते."

"म्हणूनच मारा."

जमादारांनी पेट्रोलचा कॉक उघडला, धोतर सावरल्यासारखी पँट सावरली आणि किक मारली. गाडी पहिल्याच किकला धडधडायला लागली. जमादार दचकून मागे सरले.

"अबे, हे तं चालू झाली!"

"मग बंद कशी पडली होती?"

त्या प्रश्नासरशी तपास उभा राहिला. माणसाने दुपट्टा बांधला म्हणजे गाडी खरोखर बंद पडली होती. आता ती चालते आहे म्हणजे मध्ये कोणीतरी ती दुरुस्त केली. शिक्षक म्हणतो, मी बोट लावलं नाही. मग त्याच्या आधी तिथे कोणी तिसरा थांबला होता. आणि त्या तिसऱ्याबद्दल साक्षीदाराच्या जबाबात एक अक्षर नव्हतं.

पंचांसमोर इंजिनातून प्लग काढला. नट पकडायला असतो तसा प्लगच्या कमरेला षटकोनी भाग असतो. त्याच्या कडांवर कानशीने खाचा पाडलेल्या होत्या. एका कडेवर फुली, दुसरीवर चंद्रकोर, तिसरीवर शेजारीशेजारी दोन बारीक रेघा. मी शिक्षकाला बाहेर आणवलं. प्लग हातात घेताच त्याचा चेहरा उजळला.

"साहेब, हा फिरता प्लग हाय!"

"म्हणजे?"

"आपन ज्याले मदत करतो, त्याच्या गाडीत आपल्याजवळचा चांगला प्लग लावून देतो. त्याचा काजळी धरलेला बंद प्लग आपन ठेवतो. घरी नेऊन घासला का तो पुढच्याच्या कामी येते. अन् ज्याले प्लग भेटला तो परत नाही करत, पुढं कोनाले तरी देते. ज्याच्या हातून गेला त्यानं कानशीनं आपली खून कराची. काही लोक करतात, काही आळशी असतात, नाही करत."

"म्हणजे ज्याने ही गाडी दुरुस्त केली त्याच्याकडे हिचा जुना प्लग असणार?"

"असनच. हात आपोआप जाते, साहेब. प्लग काढला, आपला लावला, त्याचा खिशात."

जुना प्लग ओळखायचा कसा? सराफाची गाडी सीताबर्डीवरचा एक मेकॅनिक सांभाळत होता. त्याला बोलावून घेतलं. त्याने प्लग फिरवून पाहिला आणि लगेच परत दिला.

"हा माझावाला नाही. त्या गाडीच्या प्लगचे आटे घासले होते, फिट बसत नव्हता. मी दोन वायसर टाकून बसवला होता. वरचं तांब्याचं, खालचं पितळेचं, मीच कापून बनवलं. इथे तं एकच हाय."

त्याचा जबाब लिहून घेतला आणि प्लग घेऊन मी ठाणेदारांकडे गेलो. त्यांनी तो चिमटीत धरून खिडकीकडे केला.

"आता कोर्टात काय, प्लगचा जबाब घेणार?"

"प्लगचा नाही, सर. ज्यांच्या हातातून तो गेला त्यांचा."

ठाण्याची बुलेट काढली आणि काटोलकडे निघालो. फुलीचा माणूस शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येक पेट्रोल पंपवाल्याला, प्रत्येक पानठेल्यावाल्याला ती ठाऊक होती. फुली होती विहिरीवरचे पंप बसवणाऱ्या एका फिटरची. तो विहिरीच्या कठड्यावर बसून जेवत होता. मी वर्दीत, तरी तो घास खाली ठेवायला तयार नव्हता.

"फुली माझी. पन मी हा दिला त्याले लय दिवस झाले. सिनेमाच्या रिळावाल्याले दिला. तो रोडवर रडाच्या घाईले आला होता. इकडे तंबूत पब्लिक बसलेली, अन् अर्धा पिच्चर याच्या कॅरियरवर. काहून जी, काय झालं?"

मी कारण सांगितलं. शिक्षक आत आहे, थांबला म्हणून आत आहे. फिटरने डबा बंद केला. "जेवन होत राहीन," म्हणाला, "चला, मी दाखवतो तो रिळावाला कुठं भेटते."

रिळवाला म्हणजे एका गावच्या टॉकीजमधून दुसऱ्या गावच्या तंबूत चित्रपटाच्या पेट्या पोचवणारा माणूस. चंद्रकोर त्याची. गोष्ट ऐकल्यावर त्याने आधी ठाण्याला दोन शिव्या दिल्या, मग मी पोलीस आहे हे लक्षात येऊन जीभ चावली, आणि मग म्हणाला, "नाही, राहू द्या. दिल्या त्या दिल्या. मी हा नर्सबाईले दिला, साहेब. मोपेडवाल्या."

या नर्सबाई आरोग्य केंद्राच्या. खेडोपाडी बाळंतपणं करत मोपेडवर फिरायच्या. त्या काळी त्या रस्त्यावर गाडी चालवणारी दुसरी बाई नव्हती, त्यामुळे त्यांना शोधायचं म्हणजे फक्त विचारायचं होतं. एका अंगणात बाळाचं वजन करत होत्या. दोन रेघा पाहून हसल्या.

"माझीच खून. कोनाले दिला ते पक्कं ध्यानात हाय. असा आगाऊ मानूस मी विसरीन का?"

"नाव?"

"नाव विचाराची पद्धत नाही जी. पन तोंड वळखीन. लाल मोटारसायकल, गळ्यात मफलर, समोरचा दात सोन्याचा. दुपट्टा नव्हता, म्हनून रुमाल बांधून उभा होता. मी थांबली तं हसून म्हने, 'बाई, तुमच्याजवळ पावडरची डब्बी असन, प्लग कुठून असन?'"

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, 'काहून गा, तुह्या गाडीले पावडर लावू का? चालू होईन का?' आजूबाजूचे मजूर इतके हसले का त्याचं तोंड लाल झालं, गाडीसारखं. प्लग लावून दिला. त्यानं खून केलेली नाही दिसत. कराची अक्कल पाहिजे ना."

समोरचा सोन्याचा दात. ठाण्याच्या खुर्चीत बसून हसणारे ठेकेदार माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांची लाल मोटारसायकलही.

मी नर्सबाईंना शिक्षकाच्या अटकेची गोष्ट सांगितली आणि बजावलं की बोलावणं येईपर्यंत त्यांनी ठाण्याकडे फिरकू नये. पुढे तहसीलदारांसमोर ओळख परेड घ्यावी लागणार होती. आधीच कोणी दाखवलेला माणूस परेडमध्ये ओळखला तर कोर्ट त्याला किंमत देत नाही.

"मंग गुरुजी?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याच सुटकेचं करतोय."

फिटर आणि रिळवाला तोवर स्वस्थ बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात आलो आणि फाटकापाशीच थबकलो. ठाण्यासमोरच्या रस्त्याच्या कडेने मोटारसायकली उभ्या होत्या. पार ओढ्याच्या पुलापर्यंत रांग. नरखेडकडचे बागवाले, कळमेश्वरचे फेरीवाले, औषध कंपन्यांचे टाय लावलेले विक्रेते, दाढीवाले, टोपीवाले, जानव्याचे, निळ्या झेंड्याचे. प्रत्येक गाडीच्या हँडलला दुपट्टा बांधलेला. कोणी घोषणा देत नव्हतं. कोणी रस्ता अडवला नव्हता. फक्त उभे होते.

ठाणेदार बाहेर आले. "काय तमाशा आहे हा? हटवा गाड्या!"

पंपाचा फिटर पुढे झाला. "कशा हटवू जी? बंद पडल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्याइच्या. दुपट्टे दिसून नाही राहिले का? गुरुजी बाहेर आल्याबिगर चालू होत नाही म्हनतात."

मागे हशा पिकला. ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, जमावबंदी नाही, रहदारीला अडथळा नाही. गाडी बंद पडणं हा गुन्हा नाही." तसे ते आत गेले. मोर्चे मी पुष्कळ पाहिले होते, काही काठीने मागेही सारले होते. पण एकही शब्द न उच्चारता इतकं मोठ्याने बोलणारी रांग मी तोवर पाहिली नव्हती.

ठेकेदारांना मी जबाबावर आणखी एक सही हवी म्हणून बोलावलं होतं. ते लाल मोटारसायकलवरून त्या रांगेसमोरून आले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ठाणेदारांच्या खोलीत बसले. चहा आला. मी पंच म्हणून गावचे पोस्टमास्तर आणि एक किराणावाला बोलावून ठेवले होते. सीताबर्डीचा मेकॅनिक व्हरांड्यात होता.

"त्या दिवशी तुम्ही थांबला नव्हता ना?" मी विचारलं.

"नाही. लिहिलं ना तुमच्याजवळ."

"दुपट्टा दिसला तरी?"

"भांडन पाहून कोन थांबते, साहेब?"

मी टेबलावर प्लग ठेवला. "हा ओळखता?"

त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखं केलं. "असे हजार फिरतात रोडवर."

"यावरच्या दोन रेघा एका नर्सबाईंच्या आहेत. त्यांनी तो लाल गाडीवाल्याला दिला. मजूर फार हसले होते म्हणे."

ठेकेदारांचा पेला ओठांपाशी थांबला. मग ते मोकळं हसले. हुशार माणूस होता. नाही म्हटलं तर नर्सबाई आणि ते मजूर आहेतच, हे त्याला लगेच कळलं.

"हाव, हाव. भेटला होता एका बाईकडून. तो तं मी केव्हाच देऊन टाकला कोनाले तरी."

"कोणाला?"

"कोनाले ते कसं सांगू? नाव विचाराची पद्धत हाय का आमची?"

"नाही," मी म्हणालो. "पण बदल्यात त्याचा बंद प्लग घ्यायची आहे."

"मंग? घेतला ना. ज्याले दिला त्याचा घेतला."

"आहे तुमच्याकडे?"

त्यांनी पेला खाली ठेवला. 'नाही' म्हटलं तर प्लग दिल्याची गोष्टच खोटी ठरली असती. 'आहे' म्हटलं की ती खरी वाटणार होती. काजळी धरलेल्या प्लगमध्ये कोणाला काय दिसणार, असं त्यांना वाटलं असावं. ते ऐटीत उठले.

"टूलबॉक्समध्ये हाय. दाखवतो ना. खोटं बोलून राहिलो काय मी?"

पंचांसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने टूलबॉक्स उघडला. पान्यांच्या खालून चिंधीत गुंडाळलेला प्लग निघाला. रांगेतले सगळे माना उंचावून पाहत होते. तो मी आत आणला, टेबलावर पहिल्याशेजारी ठेवला आणि मेकॅनिकला हाक मारली. त्याने चिंधीने काजळी पुसली. एक तांब्याचं वायसर, त्याखाली हाताने कापलेलं वाकडंतिकडं पितळेचं.

"हा माझावाला," तो म्हणाला. "हेच ते पितळ. सराफाच्या गाडीचा."

ठाणेदारांनी हळूच हात पुढे केला आणि ठेकेदारांसमोरचा अर्धा चहा उचलून बाजूच्या मेजावर ठेवला. त्यांच्या नोकरीतली ती सर्वात बोलकी कृती असेल.

"तुम्ही थांबला होता," मी म्हणालो. "गाडी दुरुस्तही केलीत. मग त्याचं डोकं कोणी फोडलं?"

दुपारपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. दागिने येणार हे लग्नघरात बागेचा व्यवहार करताना त्यांना कळलं होतं. ते नागपूरपासूनच सराफाच्या माणसाच्या मागावर होते. त्याची गाडी वळणावर बंद पडली तेव्हा संत्र्याच्या बैलगाड्या जवळून जात होत्या. गाडीवानांच्या देखत नुसतं उभं राहिलो तर संशय येईल, म्हणून ते दुरुस्तीला बसले. आणि एकदा हातात पाना आला की हाताने सवयीचं काम केलं: त्याचा प्लग काढला, आपला लावला, जुना खिशात. बैलगाड्या दिसेनाशा झाल्या, सराफाचा माणूस आभार मानून दुपट्टा सोडायला वाकला, तेव्हा त्याच पान्याने त्याच्या डोक्यात घाव घातला, त्याला बांधाखाली ढकललं आणि पेटी उचलली. मागून शिक्षकाची गाडी येताना त्यांना पुढच्या चढावरून दिसली. मदत करणाऱ्याच्याच गळ्यात गुन्हा अडकवावा, ही कल्पना तिथेच सुचली.

पुरावा कायद्याच्या कलम सत्तावीसप्रमाणे त्यांनीच दागिन्यांची जागा दाखवली. त्यांच्या शेडात परराज्यात जाणाऱ्या संत्र्याच्या पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. मी ट्रक थांबवला. एका पेटीत, तणसाखाली, वरची फळं काढल्यावर दागिन्यांची पेटी सापडली. पोस्टमास्तरांनी आणि किराणावाल्याने पंचनाम्यावर सह्या केल्या.

पुढे ओळख परेडमध्ये नर्सबाईंनी सारख्याच अंगाच्या माणसांच्या ओळीतून ठेकेदाराला ओळखलं आणि तहसीलदारांना म्हणाल्या, "तोंड उघडाले सांगा जी. दात पाहू द्या." पण ते नंतर. त्या दिवशी मी थेट मॅजिस्ट्रेटसमोर गेलो आणि शिक्षकाविरुद्ध पुरावा नसल्याचा, कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल ठेवला. सुटकेचा हुकूम घेऊन परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. रांग तशीच होती. एकही माणूस हलला नव्हता.

शिक्षक पायऱ्या उतरला. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली, "दाढी कर. उद्या शाळा हाय." मग माझ्याकडे वळली. "भेटलं, साहेब, उत्तर." हात तिने तेव्हाही जोडले नाहीत. मला ते फार आवडलं.

फिटरने आपल्या हँडलचा दुपट्टा सोडून गळ्यात टाकला आणि किक मारली. मग दुसऱ्याने. मग ओढ्यापर्यंत एकामागून एक गाड्या धडधडत गेल्या. आवाजाने ठाण्याच्या खिडक्यांची तावदानं वाजायला लागली. आमचे जमादार कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्या ठोक्यावर मान हलवत होते. ठाणेदार दारात उभे होते. त्यांनी शिक्षकाची जप्त केलेली मोटारसायकल स्वतः ढकलत फाटकापर्यंत आणून दिली.

सराफाचा माणूस वाचला. त्याने कोर्टात साक्ष दिली आणि ठेकेदाराला सजा झाली. निकालात मुद्देमालाची विल्हेवाटही लावायची असते. दागिने मालकाला, दोन वायसरवाला प्लग सराफाच्या माणसाला. राहिला तीन खुणांचा प्लग. कोर्टाचा कारकून विचारायला लागला, हा कोणाचा? फिटर म्हणाला, "मी तं दिला होता." रिळवाला म्हणाला, "मीही दिला होता." नर्सबाई म्हणाल्या, "दिलेली वस्तू वापस घेते का कोनी?" न्यायाधीशांनी चष्मा काढला. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग याचा मालक कोण?"

साक्षीला आलेला शिक्षक उठून उभा राहिला. "ज्याची गाडी पुढं बंद पडन त्याचा, साहेब."

प्लग त्याच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. कोर्टाच्या आवारात त्याने फिटरची कानस मागून घेतली आणि ती माझ्यापुढे धरली. "या रस्त्यावर हा तुमच्या हातूनही गेला हाय, साहेब. तुमची खून करा." मी चौथ्या कडेवर एक सरळ खाच पाडली. पाचव्या कडेवर त्याने आपली पाडली.

पोलिसात असताना गुन्हेगार कसे पकडावेत ते मी पुष्कळांकडून शिकलो. या प्रकरणाने शिकवलं ते वेगळं. कायद्याचं पहिलं काम चोर पकडणं नाही. थांबणाऱ्या माणसाला थांबता यावं, हे त्याचं पहिलं काम आहे. जो समाज मदतीला धावणाऱ्याची जात, वस्ती आणि बाहीवरचं रक्त आधी पाहतो, तो आपल्या प्रत्येक वळणावर एक ठेकेदार उभा करतो. आणि जिथे लोक दुपट्टा पाहून थांबतात, तिथे ठेकेदाराचा स्वतःचा हातदेखील त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

पुढे एकदा बदलीच्या गावाला जाताना शिक्षक वाटेत भेटला. मी प्लगची चौकशी केली.

"गेला, साहेब," तो हसून म्हणाला. "शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. सावनेरकडचा कोनी होता."

"नाव?"

त्याने नुसती मान हलवली आणि किक मारली.